परमिट रूम

परमिट रूम म्हणजे मद्यप्राशनाचा वैयक्तिक परवाना असलेल्या ग्राहकांना बसून मद्य घेता यावे, यासाठी उपाहारगृहाला जोडून राखलेली आणि शासनाने अनुज्ञप्ती दिलेली स्वतंत्र खोली. ही झाली कायद्यातील व्याख्या. व्यवहारात महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबई, ठाणे व पुण्यातील, आठ-दहा टेबलांच्या कोणत्याही साध्या 'रेस्टॉरंट आणि बार'ला परमिट रूम म्हणतात. दुपारी राइसप्लेट मिळणारे आणि रात्री उशिरापर्यंत गजबजलेले हे ठिकाण बहुधा वस्तीच्या नाक्यावर असते. तेथील नेहमीचे गिऱ्हाईक आपले टेबल ठरवून असते आणि वेटर त्याला नावाने ओळखतो. हा शब्द इंग्रजी असला तरी इंग्लंडमध्ये तो या अर्थाने कोणी वापरत नाही. तो मुंबई राज्याच्या दारूबंदीतून जन्मला आणि दारूबंदी शिथिल झाल्यावरही पाटीवर टिकून राहिला.

नावाचा अर्थ

'परमिट' या शब्दाचा संबंध येथे मालकाशी नसून पिणाऱ्याशी आहे, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मालकाजवळ असते ती विक्रीची अनुज्ञप्ती. पिणाऱ्याजवळ असायला हवे ते परमिट. ज्याच्याजवळ परमिट आहे त्यालाच ज्या खोलीत प्रवेश, ती परमिट रूम. महाराष्ट्रात आजही मद्य विकत घेणे, जवळ बाळगणे आणि पिणे यांसाठी असा परवाना लागतो. तो एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन असतो. अनेक वर्षे एक दिवसाच्या परवान्याचे शुल्क विदेशी मद्यासाठी ५ रुपये व देशीसाठी २ रुपये, वार्षिक परवान्याचे १०० रुपये आणि आजीवन परवान्याचे १,००० रुपये असे होते. एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तके बारमालक उत्पादन शुल्क विभागाकडून आणून काउंटरवर ठेवतात. ग्राहकाच्या हाती तो कागद क्वचितच पडतो. टेबलावर बसलेल्या बहुसंख्य लोकांना आपण परवान्याखेरीज पीत असल्यास कायदा मोडत आहोत, याची कल्पनाही नसते.

कायद्यातील 'विदेशी मद्य' या संज्ञेनेही नवखा वाचक गोंधळतो. नाशिक किंवा औरंगाबाद परिसरातील कारखान्यात तयार झालेली व्हिस्की कायद्याच्या दृष्टीने 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' ठरते. 'देशी' म्हणजे मसाला घातलेली किंवा साधी, स्वस्त, कमी दर्जाच्या बाटलीत मिळणारी दारू. तिच्यासाठी अनुज्ञप्ती वेगळी आणि पाटीही वेगळी असते. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी महाराष्ट्रात गावोगाव आढळते. उत्पादन शुल्क विभागाच्या भाषेत परमिट रूमची अनुज्ञप्ती 'एफएल-३', बाटलीबंद मद्य विकणाऱ्या वाइन शॉपची 'एफएल-२', क्लबची 'एफएल-४' आणि देशी दारूच्या किरकोळ विक्रीची 'सीएल-३' असते. एफएल-३ असलेल्याने मद्य जागेवरच पाजावयाचे असते. बाटली घरी नेण्यासाठी देता येत नाही.

दारूबंदीची पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात मद्यावर शासकीय नियंत्रण आणणारा मुख्य कायदा म्हणजे १८७८ चा अबकारी कायदा. त्याने ताडी काढणारे भंडारी आणि मोहाची दारू गाळणारे आदिवासी यांच्या घरगुती धंद्यावर कर व बंधने घातली आणि मद्याला महसुलाचे साधन बनविले. काँग्रेसच्या चळवळीत दारूच्या दुकानांवरील निरोधन हा कार्यक्रमाचा भाग झाला, त्यामागे नैतिक आग्रहाबरोबर या महसुलाचा रागही होता. १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर अबकारी खाते सांभाळणारे डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. ताडीच्या व मद्याच्या व्यवसायात पारशी समाजाचे मोठे भांडवल गुंतले होते आणि डॉ. गिल्डर स्वतः पारशी होते. त्यामुळे त्यांना स्वकीयांचाच रोष पत्करावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि हा प्रयोग मागे पडला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला व एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. मोरारजी देसाई हे या धोरणाचे सर्वांत ठाम पुरस्कर्ते. १९५१ साली 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांसंबंधीची काही कलमे रद्द केली. बाकी कायदा मात्र वैध ठरवला. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा असे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याचा आधार या कायद्याला होता.

कायद्याने एक फट मात्र ठेवली होती. परदेशी नागरिक आणि वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे प्रकृतीच्या जपणुकीसाठी मद्य आवश्यक असलेले लोक यांना परमिट मिळू शके. परमिट रूमचे मूळ या फटीत आहे. ज्यांना परमिट नव्हते, म्हणजे शहरातील बहुतेक सर्व कामगार व कारकून, ते हातभट्टीकडे वळले. वांद्रे, माहीम, माझगाव, धोबीतलाव या भागांत गोवेकर व ईस्ट इंडियन ख्रिस्ती स्त्रिया आपल्या घराच्या पुढच्या खोलीत दोन बाके टाकून दारू देत. त्यांना 'आंटीचा अड्डा' म्हणत. मुंबईतील संघटित गुन्हेगारीचे पहिले मोठे भांडवल याच काळातील हातभट्टीच्या धंद्यातून उभे राहिले. वरदराजन मुदलियार याचा उदय हे त्याचे ठळक उदाहरण. दारूबंदीच्या हेतूबद्दल आदर बाळगूनही तिच्या या फलिताकडे डोळेझाक करता येत नाही.

वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत दारूबंदी क्रमाक्रमाने शिथिल झाली, परमिट मिळणे सोपे झाले आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची सरकारमान्य विक्रीही सुरू झाली. अधिनियम मात्र रद्द झाला नाही. नाव बदलून 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' या स्वरूपात तो आजही अमलात आहे. तत्त्वतः महाराष्ट्र हे दारूबंदीचे राज्य असून प्रत्येक परमिट रूम हा त्या बंदीला दिलेला अपवाद आहे. राज्य एका खात्यातर्फे व्यसनमुक्तीचा प्रचार करते आणि दुसऱ्या खात्यातर्फे मद्यावरील महसुलाचे उद्दिष्ट ठरवते, या विसंगतीचे मूळ येथेच सापडते.

शेजारच्या गोव्याची गोष्ट निराळी. तेथे पोर्तुगीज अमलात दारूबंदी आली नाही आणि १९६१ नंतरही आली नाही. त्यामुळे गोव्यातील 'तावेर्न' हे घराच्या ओसरीवरचे, उजेडातले, कसलाही आडपडदा नसलेले ठिकाण राहिले. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परमिट रूमची काळी काच, झुलते दार आणि मंद दिवे ही लपून पिण्याच्या काळाची आठवण आहे. तावेर्नला तसे काही लपवावे लागले नाही.

मालक आणि कामगार

मुंबईतील परमिट रूमचे मालक प्रामुख्याने तीन प्रवाहांतून आले. पहिला प्रवाह इराणी उपाहारगृहांचा. ब्रून मस्का व चहावर भागेना तेव्हा अनेक इराण्यांनी बीअरची अनुज्ञप्ती घेतली. कुलाब्यातील १८७१ साली स्थापन झालेले लिओपोल्ड कॅफे आणि जवळचेच कॅफे माँडेगर ही या परंपरेतील प्रसिद्ध नावे. माँडेगरच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांची चित्रे आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात लिओपोल्डवर गोळीबार होऊन माणसे मरण पावली. चार दिवसांत ते पुन्हा उघडले गेले.

दुसरा प्रवाह उडुपी-मंगळूरकडील बंट समाजाचा, म्हणजेच शेट्टींचा, आणि आज तो सर्वांत मोठा आहे. इडली-डोशाच्या हॉटेलात पोऱ्या म्हणून आलेला मुलगा वेटर, मग कॅप्टन, मग भागीदार आणि शेवटी मालक होणे हा या व्यवसायातील परिचित प्रवास. फोर्ट भागातील कन्नड माध्यमाच्या रात्रशाळांनी अशा असंख्य मुलांना शिकवले. दिवसभर टेबले पुसून रात्री पाटी घेऊन बसणाऱ्या त्या पिढीचा इतिहास शिक्षणाच्या ग्रंथांत फारसा आढळत नाही, तो यायला हवा. तिसरा प्रवाह स्थानिक मराठी मालकांचा. आगरी, कोळी, मालवणी व घाटावरची मंडळी यांत असून त्यांच्या ठिकाणी मद्यापेक्षा माशाच्या ताटाची कीर्ती अधिक असते.

या व्यवसायाची प्रमुख संघटना 'इंडियन हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन' ही 'आहार' या नावाने ओळखली जाते.

अंतर्रचना

ठरावीक परमिट रूममध्ये तळमजल्यावर साधी खोली, पोटमाळ्यावर वातानुकूलित खोली आणि एका बाजूला 'फॅमिली रूम' असते. एकाच पदार्थाचा दर 'एसी' आणि 'नॉन एसी' विभागांत वेगवेगळा असतो. तो मेनूकार्डावर दोन रकान्यांत छापलेला असतो. काउंटरमागे आरशाची मांडणी, वर एक छोटा देव्हारा आणि त्यात लुकलुकणारा लाल दिवा. भिंतीवरील दूरचित्रवाणी संचावर क्रिकेट चालू असेल तर आवाज बंद, समालोचन टेबलावरचे लोक करतात. पूर्वी या खोल्या धुराने भरलेल्या असत. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. ३० किंवा अधिक आसने असलेल्या उपाहारगृहालाच धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची मुभा राहिली. लहान परमिट रूममधील धूम्रपान त्यामुळे दाराबाहेरच्या पायरीवर गेले. तेथे अनोळखी टेबलांवरचे लोक एकमेकांशी बोलू लागले, हा त्या नियमाचा कोणाच्या ध्यानीमनी नसलेला परिणाम.

नावाबाबतही नियम आहेत. दुर्गा, अंबिका, साईकृपा अशी देवादिकांची नावे बारला देण्याची पूर्वी सर्रास चाल होती. २०२२ साली दुकाने व आस्थापनांच्या मराठी पाट्यांविषयी जो निर्णय झाला, त्यात मद्य मिळणाऱ्या आस्थापनेला महनीय व्यक्तींचे किंवा गडकिल्ल्यांचे नाव देण्यास मनाई करण्यात आली.

क्वार्टर पद्धत आणि मापांची भाषा

परमिट रूमचा एक खास स्थानिक प्रकार म्हणजे 'क्वार्टर बार'. येथे मद्य पेगने मोजून न देता १८० मिलिलिटरची सीलबंद बाटली टेबलावर आणून ग्राहकासमोर उघडतात. ग्राहकाला भेसळीची शंका राहत नाही, वेटरला माप भरण्याचा व्याप राहत नाही आणि दरही पेगच्या हिशेबाहून कमी पडतो. कुलाब्यात ताजमहाल हॉटेलमागील गोकुळ आणि वांद्र्यातील जनता ही या वर्गातील बहुश्रुत नावे. तेथे महाविद्यालयीन तरुण, खलाशी, जाहिरात कंपनीतील अधिकारी आणि टॅक्सीचालक शेजारशेजारच्या टेबलांवर दिसतात. मुंबईत इतके सरमिसळ बसणे लोकल गाडीखेरीज इतरत्र क्वचितच घडत असेल.

या मापांनी मराठीला एक छोटासा शब्दकोशच दिला आहे. १८० मिलिलिटर म्हणजे 'क्वार्टर', ३७५ म्हणजे 'हाफ' आणि ७५० म्हणजे 'खंबा'. खिशात मावणारी चपट्या आकाराची बाटली ती 'चपटी'. पेगला लहान-मोठा न म्हणता 'थर्टी', 'सिक्स्टी', 'नाइंटी' असे मिलिलिटरमध्येच सांगतात. या सर्वांपूर्वीचा जुना शब्द 'नवटाक'. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग. १९५८ नंतर दशमान पद्धत आली, शेर गेला, दूध-तेलाच्या व्यवहारातून नवटाक नाहीसे झाले, पण दारूच्या भाषेत ते आणखी काही दशके जिवंत राहिले. 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग भट्टीतून प्रथम उतरणाऱ्या तीव्र दारूवरून आला आणि आता तो मद्याशी संबंध नसलेल्या अस्सल गोष्टींसाठीही वापरला जातो. 'बसणे' या साध्या क्रियापदाला 'मित्रांबरोबर मद्य घेणे' हा अर्थ चिकटला आहे. 'शनिवारी बसू या' या वाक्याचा अर्थ मराठी माणसाला फोड करून सांगावा लागत नाही. बिल आपापले देण्याच्या पद्धतीला 'टीटीएमएम' म्हणतात, म्हणजे 'तुझे तू, माझे मी'. पहिला घोट घेण्यापूर्वी बोट बुडवून दोन-चार थेंब जमिनीवर उडवण्याची रीतही अनेक जण पाळतात. मालवणी माणसाला विचारल्यास तो हे स्थानिक देवाचे देणे आहे असे सांगेल.

चकणा

मद्याबरोबर खाण्याच्या किरकोळ पदार्थांना 'चकणा' किंवा 'चखणा' म्हणतात. हिंदीतील 'चखना' या क्रियापदाशी त्याचे नाते उघड आहे. उकडलेले चणे, खारे शेंगदाणे, काकडीचे काप व पिवळी शेव एवढे बहुतेक ठिकाणी न मागता येते. त्यापुढची पायरी मसाला पापड, अंडा भुर्जी, 'चणा कोळीवाडा' आणि 'प्रॉन्स कोळीवाडा' यांची. या शेवटच्या पदार्थाच्या नावावरून तो कोळ्यांचा असावा असे वाटते. फाळणीनंतर शीव कोळीवाड्यात वसलेल्या पंजाबी निर्वासितांनी बेसन, ओवा व लाल मसाल्याच्या पिठात मासे तळण्याची ही रीत आणली, असे मानले जाते. समुद्रकाठच्या वस्त्यांत बोंबील फ्राय, तिसऱ्या आणि सुका जवळा हे चकण्यात मोडतात. नागपूरकडे सावजी रस्सा आणि कोल्हापूरकडे तांबडा-पांढरा यांखेरीज बैठक पुरी होत नाही.

रात्र चढत जाते तसा मेनू चिनी होतो. चिकन लॉलीपॉप, शेजवान राइस आणि 'ट्रिपल शेजवान' हे पदार्थ चीनमध्ये सापडणार नाहीत. ते मुंबईच्या बारमध्येच घडले आणि वाढले. मंचुरियनचा जन्म १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वाँग यांच्या हातून झाल्याचे सांगितले जाते. क्लबातला पदार्थ दहा-पंधरा वर्षांत नाक्यावरच्या बारपर्यंत उतरला.

रात्रीचे वेळापत्रक

संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येणारे पहिले गिऱ्हाईक बहुधा एकटे असते. कार्यालयातून घरी जाण्यापूर्वी एक क्वार्टर, एक प्लेट चणे आणि संध्याकाळचे वृत्तपत्र एवढाच त्याचा कार्यक्रम. साडेआठनंतर घोळके येतात. अकरानंतर ज्यांचे कामच रात्री संपते असे लोक, म्हणजे वृत्तपत्रांचे उपसंपादक, नाटक संपवून मेकअप उतरवून आलेले कलावंत, इतर हॉटेलांचे वेटर आणि पाळी सुटलेले कामगार येतात. रात्री उशिरापर्यंत गरम जेवण मिळणारे ठिकाण म्हणून त्यांना परमिट रूमचे महत्त्व मद्याहून अधिक असते. गिरणगावातील परमिट रूम व खानावळींचे घड्याळ तर गिरणीच्या भोंग्यावरच लागलेले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर भोंगे थांबले आणि तिसरी पाळी सुटून येणारे गिऱ्हाईक कायमचे गेले.

मुंबईत बंद होण्याची वेळ मध्यरात्रीनंतर दीड वाजता. एकच्या आसपास वेटर टेबलाटेबलांवर 'लास्ट ऑर्डर' पुकारतो, मग पंखे आणि मागचे दिवे बंद होतात आणि शेवटी शटर अर्धे ओढले जाते. २०१७ साली राज्याने दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा दिली, पण परमिट रूम, बीअर बार आणि मद्याची दुकाने तिच्यातून वगळली. जानेवारी २०२० मध्ये मुंबईतील मॉल व गिरणी संकुलांसाठी आलेल्या 'नाइट लाइफ' धोरणातही मद्यविक्रीची दीडची मर्यादा कायम राहिली. नाताळ व ३१ डिसेंबरला शासन वेळ वाढवून देते. याउलट २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी असे दिवस आणि मतदानापूर्वीचे ४८ तास 'ड्राय डे' असतात. त्या दिवशी हेच ठिकाण केवळ खानावळ म्हणून चालते किंवा कुलूप लावून रंगकाम उरकून घेते.

वयोमर्यादा बीअरसाठी २१ व कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. भारतातील कडक मर्यादांपैकी ही एक, आणि तितकीच क्वचित तपासली जाणारी. वाहन चालवण्याबाबतचा कायदा मात्र सर्वांना ठाऊक झाला आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली शिक्षा होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास आहे. मुंबईत २००७ पासून सुरू झालेल्या नाकाबंदीमुळे बारच्या दाराशी रिक्षा व टॅक्सींची रांग लागू लागली.

स्त्रिया आणि परमिट रूम

कायद्याने स्त्रियांना परमिट रूममध्ये प्रवेशबंदी नाही. तरीही खालची साधी खोली पुरुषांची आणि 'फॅमिली रूम' ही स्त्रीसोबत आलेल्यांची, अशी विभागणी पाटीनेच केलेली असते. एकटी स्त्री कोठे बसेल, याचे उत्तर त्या पाटीवर नाही. गेल्या दोन दशकांत मोठ्या शहरांतील काही क्वार्टर बारमध्ये हे चित्र बदलले असले, तरी जिल्ह्याच्या गावी ते फारसे बदललेले नाही.

स्त्रिया या व्यवसायात आल्या त्या वाढपी आणि गायिका-नर्तकी म्हणून. परमिट रूम आणि डान्स बार एकच समजण्याची चूक अनेकदा होते. डान्स बार ही परमिट रूमच्या अनुज्ञप्तीला करमणुकीचा परवाना जोडून निघालेली शाखा होय. ऑगस्ट २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने तिच्यावर बंदी आली. मोठ्या पंचतारांकित हॉटेलांना त्यातून सूट होती. या भेदभावावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या कायद्यातील अनेक जाचक अटी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिथिल केल्या. दरम्यान हजारो स्त्रियांचा रोजगार गेला होता.

विरोध आणि व्यसनाचा प्रश्न

मराठी समाजातील मद्यविरोधाची परंपरा जुनी आहे. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' (१९१९) या नाटकातील तळीराम आणि त्याचे 'आर्य मदिरा मंडळ' यांची नावे आजही म्हणीसारखी वापरली जातात. विनोदाने सुरू होणारी ती मैफल सिंधूच्या संसाराची राख करून थांबते. परमिट रूमच्या उबदार दिव्यांचे वर्णन करताना घरी जेवणासाठी खोळंबलेली माणसे वर्णनाबाहेर राहतात, हा आक्षेप आजही तेवढाच खरा आहे.

या विरोधाला महाराष्ट्रात कायदेशीर रूपही आहे. गावातील किंवा वॉर्डातील मतदारांनी, विशेषतः स्त्रियांनी, मागणी केल्यास मद्यविक्री बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्यांची चित्रे असतात. आडवी बाटली म्हणजे बंद. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीलाही निर्णयाचा अधिकार बजावता यावा ही त्यामागची कल्पना सोपी आणि परिणामकारक आहे. 'आडवी बाटली' हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. जिल्हा पातळीवर गांधीजींच्या वास्तव्यामुळे वर्धा, १९९३ पासून गडचिरोली आणि २०१५ ते २०२१ या काळात चंद्रपूर येथे दारूबंदी लागू झाली. गडचिरोलीतील चळवळीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचा मोठा वाटा होता. उपचाराच्या बाजूने पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र महत्त्वाचे आहे. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने ते १९८६ मध्ये सुरू केले.

बंदीचे समर्थक आणि विरोधक यांच्या वादात विषारी दारूचा मुद्दा वारंवार येतो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे मरण पावली. २००४ मध्ये विक्रोळीत ८० हून अधिक बळी गेले होते. या दोन्ही घटना सरकारमान्य बार उघडे असलेल्या शहरात घडल्या. मरण पावलेले लोक हातावर पोट असलेले होते आणि बारमधली क्वार्टर त्यांना परवडत नव्हती. परवाना पद्धतीने पिणे सुरक्षित होते हे खरे, पण ज्याच्या खिशात तेवढे पैसे आहेत त्याच्यापुरतेच.

अलीकडील स्थिती

सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री बंद झाली. महाराष्ट्रातील हजारो परमिट रूमना टाळे लागले. पुढे नगरपालिका हद्दीतील रस्त्यांना न्यायालयाने सूट दिली. मधल्या काळात काही मालकांनी प्रवेशाची वाट वळवून कागदोपत्री अंतर वाढवले, तेव्हा वृत्तपत्रांना विनोदाचा चांगला विषय मिळाला. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल संकुलातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण मरण पावले. तेव्हापासून अग्निशमन दलाचा दाखला आणि बाहेर पडण्याचे दुसरे दार यांची तपासणी कडक झाली. पोटमाळ्याच्या अरुंद जिन्यावर चालणाऱ्या जुन्या परमिट रूमना ती जड गेली.

करोना काळात मार्च २०२० मध्ये बंद झालेली ही ठिकाणे ५ ऑक्टोबर २०२० रोजी निम्म्या आसनक्षमतेने उघडली. मे महिन्यात पडून असलेला साठा संपवण्यासाठी त्यांना सीलबंद बाटल्या विकण्याची तात्पुरती सवलत मिळाली होती. अनेक बारच्या इतिहासात बाटली दाराबाहेर जाण्याची ती पहिलीच वेळ. गावी गेलेले कामगार सारेच परतले नाहीत.

त्यानंतरचे ओझे करांचे आहे. परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरील मूल्यवर्धित कर नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये अनुज्ञप्ती शुल्क १५ टक्क्यांनी वाढले आणि विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क उत्पादनमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्यात आले. याच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ रोजी 'आहार' संघटनेच्या पुढाकाराने राज्यातील परमिट रूम एक दिवस बंद राहिल्या. मालकांचे म्हणणे असे की, ग्राहक आता वाइन शॉपमधून बाटली घेऊन गच्चीवर, मोटारीत किंवा बंद दुकानाच्या पायरीवर बसतो. तेथे वेटर नसतो, लास्ट ऑर्डर नसते आणि जास्त झालेल्याला रिक्षात बसवून देणारेही कोणी नसते. मद्यविरोधी कार्यकर्ते या युक्तिवादाला धंद्याचे रडगाणे म्हणतात.

जुन्या शहरांतील अनेक लहान परमिट रूमच्या जागी आता 'गॅस्ट्रोपब' व 'लाउंज' आले आहेत. त्यांची अनुज्ञप्ती तीच, एफएल-३. उलट दिशेनेही एक वळण दिसते. काही नव्या, महागड्या उपाहारगृहांनी जुनी लादी, ॲल्युमिनियमच्या ताटल्या, रंगीत काच आणि देवनागरीतील 'परमिट रूम' ही पाटी मुद्दाम सजावट म्हणून लावली आहे. तेथे उकडलेल्या चण्यांचे पैसे वेगळे पडतात.